दोघांसाठी रत्नागिरी: दोन रात्री, घाई न करता

लेकीला आजीकडे ठेवून आम्ही दोघं जानेवारीत रत्नागिरीला जाऊन आलो. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण फक्त दोघांचा असा हा पहिलाच प्रवास. आधी गोवा ठरत होतं. निवांत बसून बोलायचं असेल, तर रत्नागिरीच बरी, हे आता मी खात्रीने सांगते.

मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने गेलो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, त्याच दिवशी तिकिटं काढा. कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपला की सामान खाली काढायला घ्या, रत्नागिरी आलीच. स्टेशन गावाबाहेर आहे, म्हणून रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. खोली मांडवी किंवा भाट्याच्या किनाऱ्याच्या बाजूला बघा. आम्ही स्वस्त मिळाली म्हणून महामार्गाजवळ घेतली आणि दोन्ही संध्याकाळी रिक्षा शोधत उभे राहिलो. तो वेळ गेल्याचं अजून वाईट वाटतं.

मांडवीची वाळू काळी, म्हणून तो काळा समुद्र. किल्ल्यापलीकडचा पांढरा समुद्र. मधे रत्नदुर्ग. ऊन उतरल्यावर वर जा, भगवतीचं दर्शन घ्या आणि तटावर बसा. तिन्ही बाजूंना पाणी आणि खाली मिरकरवाड्याकडे परतणाऱ्या होड्या. आम्ही तासभर काही न बोलता बसलो होतो.

थिबा राजवाडा मात्र घाईत उरकू नका. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढे राणीसह इथे आणून ठेवलं. हा वाडा त्याला मिळाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. राजाची समाधी इथेच राहिली. हे ठाऊक असलं की त्या रिकाम्या दालनांतून चालताना पाय जड होतात. नवऱ्याने तिथे माझा हात धरला, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. आतलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा.

दुसऱ्या दिवशी आमची चूक झाली. गणपतीपुळे उत्तरेला, पावस दक्षिणेला. दोन्ही एका दिवसात करायला गेलो आणि दिवस गाडीतच गेला. एकच निवडा. गणपतीपुळ्याला जाणार असाल तर आरे-वारेच्या किनारी रस्त्यानेच जा आणि वरच्या वळणावर थांबा. पाण्यात मात्र उतरू नका, तिथली ओढ फसवी आहे. संकष्टी, त्यातही अंगारकी टाळा. गर्दीत पाय ठेवायला जागा नसते.

जेवायला घरगुती खानावळ शोधा. ताजी सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवावे लागतात. जानेवारीत हापूस नाही, झाडांना मोहोर असतो. आंब्यासाठी एप्रिल-मे, पण तेव्हा उकाडाही आणि खोल्यांचे दरही चढलेले.

शेवटची सकाळ भाट्याच्या सुरूच्या बनात काढली, सावलीत चटई टाकून, थर्मासमधला चहा पीत. परतीची गाडी दुपारनंतरची घ्या, म्हणजे ही सकाळ तुमच्या वाट्याला येईल.