दुभाषा, वय वर्षे दहा

परदेशात बस्तान बसवणाऱ्या कुटुंबावरची मुलांची कादंबरी बऱ्याचदा विमानतळावरच फसते. लेखक व्हिसा, नोकरी, घरभाडं सांगत बसतो आणि दहा वर्षांच्या पोराला तर वेगळाच घोर असतो: वर्गात शू लागली तर कोणाला सांगायचं, आणि कसं? मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसायचं?

लेखिका जुडिथ कर यांच्या १९७१ सालच्या ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ या मुलांच्या कादंबरीत ही नजर अचूक आहे. साल १९३३. नऊ वर्षांची ॲना बर्लिन सोडते. खेळणं एकच नेता येणार. ती नवं लोकरीचं कुत्रं उचलते. जुना गुलाबी ससा मागे राहतो, कारण आपण लवकरच परतणार अशी तिची समजूत. मग घरातलं सगळं नाझी जप्त करतात. वाचणाऱ्या मुलाला हुकूमशाही कळते ती त्या सशामुळे.

खरी गोची भाषेची. तिसऱ्याच प्रकरणात नायक घडाघडा बोलू लागला, की पुस्तक मिटावं. नव्या भाषेत पडलेलं मूल कित्येकदा महिनोन् महिने गप्प असतं; समजतं बरंच, पण तोंड उघडत नाही. आधी ‘मी पण खेळू?’ असली अख्खी तयार वाक्यं येतात, स्वतःची मोडकीतोडकी नंतर. आणि मोडकं बोलायचं ते फक्त बाहेर! घरात आईबाबा आपल्याच भाषेत बोलतात, तिथे त्यांचं बोलणं ठसकेबाजच हवं. काही लेखक त्यांना स्वयंपाकघरातही अडखळायला लावतात, ते केवळ आळसापोटी.

पुढे नव्या भाषेत पोर आईबाबांच्या पुढे निघून जातं, तिथे कादंबरी रंगते. दवाखान्यात आई सांगते, चार दिवस पोटात दुखतंय, रात्री झोप नाही. मधे बसलेली मुलगी डॉक्टरांना सांगते, कालपासून थोडंसं दुखतंय. आईला ठेवून घेतील ही धास्ती. डॉक्टर मान डोलावतात, गोळ्या लिहून देतात, आई समाधानाने पर्स उचलते. इथे लेखकाने मुलीला लगेच रडवू नये. दोन प्रकरणं तिला ते खोटं एकटीने वागवू द्यावं, आईचं दुखणं वाढू द्यावं.

शेवटी बक्षीस समारंभात अस्खलित भाषण मात्र नको. त्यापेक्षा तिने शाळेच्या फाटकाशी आईला दटावावं, ‘इथे मोठ्याने बोलू नकोस ना!’