बांधाखालचा बिऱ्हाडकरू

भातखाचराच्या बांधावर ताज्या मातीचा ढीग आहे आणि भोक मात्र कुठे दिसत नाही, तर खुशाल समजावं की मालक घरात आहे. शेतातला काळा उंदीर, घुशीचा धाकटा भाऊ, आत शिरला की मागे सैल मातीचं बूच मारून घेतो. धामण आणि भाऊबंद, दोघांनाही त्याने बाहेर ठेवायचं असतं. उघडं, कोळ्याचं जाळं लागलेलं बीळ बहुधा रिकामंच. लोक मात्र हटकून त्यातच आमिष टाकून येतात.

खात्री करायची तर आदल्या संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवावीत आणि सकाळी फेरी मारावी. जी पुन्हा उकरलेली दिसतील ती नांदती. त्यांच्याजवळ काठी रोवून ठेवावी; पुढचं सगळं काम तेवढ्यांवरच.

साधारण पाव किलो वजनाचा हा जीव एवढी माती उपसतो कशी? त्याचं तोंड पाहिलं की उलगडा होतो. पटाशीचे दात बाहेर राहतात आणि त्यांच्यामागे ओठांची केसाळ घडी आत वळून मिटते. दात उकरत असले तरी घशात कण जात नाही. दाताच्या पुढच्या अंगालाच कडक एनॅमल असतं. मागचा भाग आधी झिजतो, म्हणून धार आपोआप लागत राहते. दात जन्मभर वाढत राहतात, तेव्हा काहीतरी कुरतडल्याशिवाय त्याला सुटका नाही.

आतला कारभार नेटका. पेंढा अंथरलेली निजायची खोली, लोंब्यांची कोठी, आणि संकटात निसटायला एखादी आडवाट. तिचं तोंड मातीच्या पातळ थराने झाकलेलं असतं, एका धडकेत उघडेल असं. कोकणातले कातकरी बीळ खणून उंदीर आणि भात दोन्ही मिळवतात. चोरलेला माल परत मिळवण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा नसेल!

एवढ्या ऐसपैस घरात मोठा उंदीर एकटाच राहतो. पिल्लंवाली आई असेल तेवढाच अपवाद. दोन प्रौढ समोरासमोर आले की केस ताठ, गुरगुर आणि मग चावाचावी. पीक पोटरीत आलं की विणीला जोर येतो. तीनेक आठवड्यांत सहा-आठ पिल्लं, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली. ती तीन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार. कापणीच्या तोंडावर जागं होणाऱ्याला म्हणूनच उशीर झालेला असतो. बुंध्याशी तिरके छाटलेले फुटवे दिसू लागले की लगेच हालचाल करावी. खातो त्याहून तो छाटतो जास्त.

विषाच्या बाबतीत घाई नडते. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे नवं अन्न तो आधी चिमूटभर चाखून थांबतो. झिंक फॉस्फाईड हे विष पोटातल्या आम्लात गेलं की विषारी वायू सुटतो आणि काही तासांत परिणाम दिसतो. अर्धवट खाऊन वाचलेला मग त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. यावर उपाय चटावण्याचा: दोन-तीन दिवस नुसती तेल लावलेली भरड द्यायची आणि मग 960 ग्रॅम भरड, 20 ग्रॅम तेल, 20 ग्रॅम झिंक फॉस्फाईड असं मिश्रण. हातमोजे घालून, काठीने कालवून, कागदाच्या पुडीत 10 ग्रॅम, नांदत्या बिळाच्या आत. बांधावर उघडं टाकलं तर आधी कोंबड्या आणि कुत्री मरतात. मेलेले उंदीर खोल पुरावेत. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाला चटावणं लागत नाही. ते रक्त गोठू देत नाही, पण मरण यायला काही दिवस जातात, त्यामुळे कशाने दुखतंय याचा मेळ उंदराला लागत नाही.

एकट्याने केलेली मोहीम मात्र फुकट जाते. रिकामं झालेलं तयार घर शेजारच्या शेतातला उंदीर बळकावतो. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात हात लावला तरच फरक पडतो. आणि त्याहूनही स्वस्त काम म्हणजे बांध फूटभराहून रुंद आणि उंच होऊ न देणं. तेवढ्यात कोठी मावत नाही.