कलामेळ्यातला स्टॉल आणि सात वॅटचे आठ दिवे

तीन दिवसांचा कलामेळा आटोपून काल रात्री उशिरा घरी पोचले. चित्रं अजून बबल रॅपमध्येच आहेत, पण दिव्यांबद्दल आधी लिहून टाकते. पहिल्यांदा स्टॉल घेणाऱ्याची चूक बहुतेक वेळा इथेच होते. माझीही झाली.

हॉलचं छत खूप उंच होतं आणि वर पांढऱ्या ट्यूबांच्या रांगा. माझा ३ बाय ३ मीटरचा स्टॉल नेमका दोन रांगांच्या मधे आला. अंधार असणार हे धरूनच मी २० वॅटचे सहा एलईडी फ्लडलाइट नेले होते, ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे (केल्विन हा उजेडाच्या रंगछटेचा आकडा). बटण दाबल्यावर स्टॉल लख्ख उजळला, त्यामुळे काम झालं असंच मला वाटलं. दुपारपर्यंत मात्र दिसायला लागलं की लोक आत वळतात, डोळे बारीक करतात आणि निघून जातात. जास्वंदीच्या चित्रापुढे थांबून एका बाईंनी विचारलं, ही वाळलेली फुलं आहेत का? त्या चित्रातला लाल माझ्या सगळ्या कामात सर्वात तेजस्वी आहे.

शेजारी मातीची भांडी घेऊन बसलेल्या काकांनी हे ऐकलं असावं. त्यांनी स्वतःचा एक दिवा काढून दिला. म्हणाले, "हा लावून बघ." लावला, आणि लाल परत आला. दिवा फक्त सात वॅटचा होता.

फरक सीआरआयचा होता. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा हा आकडा, जास्तीत जास्त १००. माझ्या फ्लडलाइटचा होता ८०. घरात जिना किंवा गच्ची उजळायला तेवढा पुरतो, चित्राला नाही. त्यात हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल त्या आठांत येतच नाही, त्याचा आकडा वेगळा असतो, आर-९. सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. म्हणून पेटीवर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलंय का ते पाहा, आणि आर-९ दिलेला असेल तर ५० च्या वर घ्या. पैसे मोजके असतील तर दिवे कमी घ्या, पण या आकड्यात तडजोड करू नका.

संध्याकाळी स्टॉल बंद करून बाजारात गेले. महागड्या ट्रॅक लाइटच्या मागे लागले नाही. जीयू-१० चे, म्हणजे दोन पिनांचा बल्ब फिरवून बसवायचे, साधे क्लिपवाले होल्डर आणि त्यांत बसणारे सात वॅटचे स्पॉट बल्ब घेतले, ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. यात बल्ब बदलता येतो, त्यामुळे पुढे वेगळा झोत हवा असला तरी होल्डर तेच राहतात. सगळे बल्ब एकाच कंपनीचे, एकाच केल्विनचे घ्या. शेजारशेजारच्या दोन चित्रांवर एक पिवळट आणि एक निळसर उजेड पडला की दोन्ही चित्रं बिघडतात.

झोताचा कोनही पेटीवर असतो. मी ३६ अंशांचे घेतले. दिव्यापासून एक मीटरवर त्यांचं साधारण ६५ सेंटीमीटरचं वर्तुळ पडतं आणि माझी बहुतेक चित्रं त्यात मावतात. मोठ्या कॅनव्हासला ६० अंशांचा एक दिवा लावा, नाहीतर दोन दिवे.

दिवा कुठे टांगायचा यावर मात्र मी दुसऱ्या दिवशीची सगळी सकाळ घालवली, आणि ती सत्कारणी लागली. झोत उभ्या रेषेपासून ३० अंशांनी तिरपा यायला हवा. भिंतीला फार चिकटून आला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते आणि जाड रंगाचे उंचवटे उगाच ठळक होतात. फार लांबून आला तर काचेत दिवाच दिसतो आणि बघणाऱ्याची सावली पडते. चित्राचा मध्य दीड मीटरवर आणि दिवा २.४ मीटर उंचीवर असेल, तर तो भिंतीपासून साधारण अर्धा मीटर पुढे हवा. त्यासाठी मी समोरासमोरच्या भिंतींवर आडवे पाइप टाकून त्यांना क्लिपा लावल्या. काचेतल्या जलरंगांना एवढं करूनही चकाकी राहिली, तेव्हा फ्रेमच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी सारून ती किंचित पुढे झुकवली.

भिंतीवर अकरा चित्रं होती, त्यातली तीन उतरवली. आठ चित्रांना आठ दिवे, मिळून ५६ वॅट. जुन्या फ्लडलाइटच्या १२० वॅटच्या निम्म्याहून कमी. चित्रांमधली भिंत थोडी अंधारी राहिली आणि ती तशीच छान दिसत होती. त्या दिवसापासून लोक थांबायला लागले, जवळ येऊन ब्रशचे फटके बघायला लागले.

उघड्यावरच्या मेळ्यात वीज मिळतेच असं नाही. ५६ वॅट आठ तास म्हणजे ४४८ वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून ६०० वॅट-तासांची लिथियम बॅटरी धरा. शिशाची असेल तर दुप्पट, कारण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते.

वायर पाइपला केबल टायने बांधा, जमिनीवरची टेपने चिकटवा. कात्री, एक जादा बल्ब आणि छोटी शिडी सोबत ठेवा. शिडी मला तिन्ही दिवस मागून आणावी लागली. निघताना प्रत्येक होल्डरवर कागदी टेप लावून चित्राचं नाव आणि पाइपवरची जागा लिहिली आहे. पुढच्या महिन्यात तीच आठ चित्रं परत लावायची आहेत.