फेब्रुवारीतलं मिनेसोटा: बर्फाचे नियम, तळ्यावरचे रस्ते आणि विधानभवन

अमेरिकेतल्या मिनेसोटात नोकरीला असलेली मराठी मुलं आईवडिलांना शक्यतो उन्हाळ्यातच बोलावतात. हवा तेव्हा छान असते हे खरं, पण हे राज्य चालतं कसं ते बघायचं असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडावा. तळी गोठलेली असतात, विधिमंडळाचं अधिवेशन चालू असतं आणि बर्फ पडला की अख्खं शहर एका ठरलेल्या वेळापत्रकाने हलतं. मिनियापोलिस, सेंट पॉल, मिल लॅक्स तळं आणि डुलूथ या मार्गाला पाच दिवस पुरतात. सहावा दिवस मोकळा ठेवा, कारण वादळ आलं की एक दिवस जातोच.

जाड कोट भारतातून नेऊ नका. इकडे मिळणारे बहुतेक कोट उणे दहाच्या पुढे टिकत नाहीत आणि मिनेसोटात कपड्यांवर विक्रीकर नाही, म्हणून तिथेच घेतलेलं बरं. अंगालगत सुती बनियन नको. घाम सुतात मुरतो आणि बाहेर पडलं की तोच गार पडतो. आत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. बूट अर्धा नंबर मोठा घ्या. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गारठतात. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८ सेल्सियसला पोचलं की उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, बाहेर त्याची बॅटरी बघता बघता बसते.

विमानतळावरून ब्लू लाइन ही शहरी रेल्वे थेट मिनियापोलिसच्या मध्यवस्तीत जाते. फलाटावर फाटक नसतं, तरी तिकीट चढण्याआधीच काढायचं, गाडीत तपासनीस येतात. मध्यवस्तीत इमारतींना जोडणारे काचबंद पूल आहेत, त्यांना स्कायवे म्हणतात. पहिला १९६२ साली झाला आणि आता हे जाळं सुमारे १५ किलोमीटर पसरलंय. फलकावर ‘दुसरा मजला’ असतो तो आपला पहिला मजला. प्रत्येक पूल त्या त्या इमारतीच्या मालकीचा असल्याने बंद होण्याच्या वेळा वेगवेगळ्या आहेत. संध्याकाळी किंवा रविवारी वाटेतच दार बंद मिळालं तर खालच्या रस्त्याने जावं लागतं, म्हणून कोट हॉटेलवर ठेवून निघू नका.

पाहुण्यांचे पैसे सर्वांत जास्त जातात ते गाडी उभी करण्यात. मोठा बर्फ पडला की शहर ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करतं. मिनियापोलिसमध्ये ही घोषणा संध्याकाळी सहापर्यंत होते. पहिल्या रात्री नऊ ते सकाळी आठ या वेळात, स्नो इमर्जन्सी मार्ग म्हणून पाट्या लावलेल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजू रिकाम्या हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ उरलेल्या रस्त्यांची सम क्रमांकाच्या घरांची बाजू आणि पार्कवेच्या (बागा-तळ्यांकाठच्या रस्त्यांच्या) दोन्ही बाजू, तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम बाजू. बर्फ सरकवणारा नांगर रस्त्याच्या कडेपर्यंत फिरून गेला असेल, तर वेळ संपायच्या आतही तिथे गाडी लावता येते. चुकलात तर दंड होतोच, शिवाय गाडी उचलून नेतात. नदीपलीकडच्या सेंट पॉलची पद्धत वेगळी आहे. तिथे रात्री साफ होणारे रस्ते रात्री नऊ ते सकाळी सहा आणि दिवसा साफ होणारे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच रिकामे करायचे. घोषणा झाल्यावर गाडी कुठल्या शहराच्या हद्दीत उभी आहे हे आधी बघा, दोन्ही शहरं लागून असल्याने घोळ इथेच होतो. गाडी भाड्याने घेताना बर्फ खरवडायची पट्टी आणि काच धुण्याचं हिवाळी द्रव आहे ना, तेही विचारून घ्या.

महामार्गावर बर्फ वितळवायला टाकलेलं नेहमीचं मीठ साधारण उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही. चाकांनी दाबला गेलेला बर्फ चौकात काचेसारखा गुळगुळीत होतो, म्हणून सिग्नलच्या बरंच आधी ब्रेक हलका लावायला लागा. नांगरगाडीच्या मागे दहा गाड्यांइतकं अंतर ठेवा, तिने उडवलेल्या बर्फाच्या ढगात पुढचं काहीच दिसत नाही. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाडी बर्फात रुतली तर आतच थांबा आणि इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो.

सेंट पॉलचं विधानभवन कॅस गिल्बर्टने आखलेलं, १९०५ साली खुलं झालं. ग्रीन लाइनने कॅपिटल स्थानकावर उतरावं. घुमट बघून परत फिरू नका, समितीच्या सुनावणीत बसा. नागरिक समोर येऊन विधेयकावर बोलतात आणि आमदार त्यांना प्रश्न विचारतात. कनिष्ठ सभागृहात १३४ सदस्य, वरिष्ठ म्हणजे सेनेटमध्ये ६७.

मिल लॅक्स तळं उत्तरेला दोनेक तासांवर आहे. किनाऱ्यावरचे रिसॉर्टवाले तळ्यावर बर्फ हटवून रस्ते करतात, भेगांवर पूल टाकतात आणि रस्त्याचा पास विकतात. बर्फाला भोक पाडून मासे धरायला शेगडी असलेली झोपडी दिवसाच्या भाड्याने मिळते. नवख्याने स्वतः वाट शोधू नये. बर्फाच्या जाडीचं राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचं प्रमाण असं: पायी जायला किमान १० सेंटिमीटर, स्नोमोबिलला १३ ते १८, लहान मोटारीला २३ ते २५. हे आकडे स्वच्छ, नव्या बर्फाचे आहेत. पांढऱ्या, हवा कोंडलेल्या बर्फाला जाडी दुप्पट धरायची. ऑगरने (बर्फाच्या गिरमिटाने) भोक पाडलं की कडेला हे थर उघडे दिसतात. वर दुधट पट्टा असतो, खाली निळसर काच. मग झाऱ्याने चुरा काढायचा, कारण तो तरंगत राहिला की पुन्हा गोठून दोरी धरतो. सोळा वर्षं आणि त्यावरच्यांना मासेमारीचा परवाना लागतो, परराज्यातल्यांना २४ तासांचाही मिळतो. बर्फावर माणशी दोन गळ चालतात. झोपडीतली खिडकी किंचित उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर आहे का ते बघा. वॉलाय मासे किती ठेवायचे याची मर्यादा बदलत असते. या तळ्यावर ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांचे १८३७च्या तहाने राखलेले हक्क आहेत, सर्वोच्च न्यायालयाने ते १९९९ साली मान्य केले आणि मासळीचा वाटा राज्य व जमाती मिळून ठरवतात. त्या दिवशीचा नियम गळाच्या दुकानातच विचारा.

डुलूथ हे लेक सुपीरियरवरचं बंदर, पण तिथे जहाजं बघायच्या आशेने जाऊ नका. सू लॉक्स, म्हणजे या तळ्यातून जहाजं बाहेर नेणारी जलपाशं, १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात, त्यामुळे लोहखनिजाची वाहतूक थांबलेली असते आणि उचलता पूल बहुतेक खालीच दिसतो. लेक सुपीरियरच्या काठचा महामार्ग ६१ मात्र सोडू नये. स्प्लिट रॉक दीपगृह (१९१०) त्याच वाटेवर आहे.

शाकाहाऱ्यांनी वाइल्ड राइस सूप मागवण्याआधी विचारावं, त्यात बहुधा कोंबडी असते. तांदूळ घरी न्यायचा तर ‘हाताने काढलेला’ असं लिहिलेलं पाकीट घ्या. ओजिब्वे लोक होडीतून तळ्यातलं हे धान्य झोडून काढतात. त्याचा रंग तपकिरी असतो आणि तो अर्ध्या तासाच्या आत शिजतो. शेतात पिकवलेला काळा, चकचकीत तांदूळ पाऊण तास ते तास घेतो, म्हणून दोन्ही एका भांड्यात मिसळू नका.

मुक्काम मार्चपर्यंत असेल तर दुसरा मंगळवार गावाकडे घालवा. त्या दिवशी टाउनशिपांची, म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक संस्थांची, वार्षिक सभा भरते आणि पुढच्या वर्षी किती कर घ्यायचा ते मतदार हात वर करून ठरवतात. सभा खुली असते. बाहेरच्याला मत नाही, मागच्या खुर्चीवर बसून ऐकता येतं.