आमची वाटचाल : इंची पाने, एमएमचे पाने

1984 साली इंदूरच्या छावणीत आम्ही दोघांनी गॅरेज टाकलं तेव्हा भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या. एकीवर इंची मापाचे पाने, दुसरीवर एमएमचे, म्हणजे मिलिमीटरचे. अ‍ॅम्बेसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिला इंची लागतात. पद्मिनी म्हणजे फियाट अकराशे, तिला एमएम. भागीदार अ‍ॅम्बेसिडरवाला, मी फियाटवाला.

भांडण रोजचं. तो म्हणायचा, माझ्या 1489 सीसीपुढे तुझी 1089 काय करणार? मी म्हणायचो, तुझी म्हैस अंगाने केवढी ते बघ आधी. गावात, गर्दीत फियाटच बरी. वजन नऊशे किलोच्या आसपास, वळवायला हलकी. पण आत सहा माणसं, कॅरिअरवर वळकट्या आणि पुढे भेरूघाट असेल तर अ‍ॅम्बेसिडर गुरगुरत निघून जाते. फियाट दुसऱ्या गिअरात घालावी लागते, आणि मे महिन्यात इंजिनावरचा पेट्रोल पंप तापून मध्येच बसते. मग पंपावर ओलं फडकं ठेवून झाडाखाली थांबा. धक्के झेलायला अ‍ॅम्बेसिडरला पुढे टॉर्शन बार (पिळणारी दांडी), फियाटला कॉइल स्प्रिंग. मागे दोघींना पाटेच (लीफ स्प्रिंग).

1991 च्या दिवाळीनंतर तो गेला. चार दुकानं सोडून स्वतःचा बोर्ड लावला. हिशेब चोख झाला असं तो आजही सांगतो. इंची फळी मात्र रिकामी होती.

तेव्हा आमची निम्म्याहून जास्त कामं अ‍ॅम्बेसिडरची. नवा सेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना चालवला. अर्धा इंच म्हणजे 12.7 एमएम. पाना ढिला बसतो, जोर लावला की नटाचे कोपरे जातात. एका टॅक्सीचे नट मी असेच गोल केले. ती टॅक्सी पुढे त्याच्याकडे गेली, आणि ते नट त्याने टेबलावर मांडून ठेवले. येईल त्याला दाखवायचा, ‘देखो भिया, फियाटवाले की कारीगरी.’ सात महिन्यांचं भाडं थकलं. मी फळ्यासुद्धा विकायला काढल्या होत्या.

रामबागेतले एक सर होते, पद्मिनीवाले. एका सकाळी गाडी आणून लावली, म्हणाले इंजिन खोला. मी म्हटलं, सर, हिला काही झालेलं नाही. ‘मग रंग द्या. पण पैसे आज घ्या.’ त्या पैशांतून मी इंची सेट घेतला. फियाटच्या रंगात अ‍ॅम्बेसिडरचे पाने आले, म्हणून सर कितीतरी दिवस हसत होते.

पुढची वर्षं बरी गेली.

आता हौशी मुलं जुन्या गाड्या घेऊन येतात. त्यांना सांगतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर अ‍ॅम्बेसिडर गचके देत असेल तर कार्बोरेटर बदलू नका. त्या एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटची, म्हणजे वरच्या नळकांड्याची, टोपी उघडा, तेल आहे का बघा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप फिलर गेज लावून पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवा, डोळ्याने नाही. आणि घाटच चढायचे असतील तर अ‍ॅम्बेसिडर घ्या. (हे भागीदाराच्या तोंडावर मी कधी म्हटलेलं नाही.)

कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अ‍ॅम्बेसिडर 2014 साली बंद झाली. त्याचा बोर्ड त्याआधीच उतरला होता. गेल्या वर्षी त्याचा मुलगा आला. ‘काका, एक मार्क टू अ‍ॅम्बेसिडर उभी करतोय. इंची पाने मिळतील?’ दिले. मोजून दिले, चौदा. परत आले तेरा. नऊ-सोळांश इंचाचा नाही.