नाहाच्या मंडईतलं कारलं

आज जपानच्या ओकिनावा बेटावर, नाहा शहरातल्या माकिशी मंडईत, कारल्यांचे ढीग बघून एकदम घर आठवलं. इथे त्याला गोया म्हणतात. वरच्या मजल्यावर जेवायला बसलो. कारलं, टोफू आणि अंडं एकत्र परतलेलं, ‘गोया चंपुरू’. त्यात डब्यातल्या मांसाचे गुलाबी तुकडेही होते.

शेजारच्या आजी माझ्या जपानी मैत्रिणीशी बोलत होत्या. त्यांच्या लहानपणी घरात रोज रताळं. भात सणासुदीला. डबाबंद मांस आलं ते युद्धानंतर, अमेरिकन सैन्याबरोबर. 1972 पर्यंत इथे अमेरिकेचाच कारभार होता. अमेरिकन साखळीची बर्गरची दुकानं टोकियोच्या आधी इथे उघडली.

दीर्घायुष्यासाठी जगभर नाव झालेलं हे बेट. पण 2000 सालच्या आकडेवारीत इथल्या पुरुषांचं आयुर्मान जपानच्या 47 प्रांतांमध्ये थेट 26व्या क्रमांकावर घसरलं, आणि लठ्ठपणात ओकिनावा देशात वरच्या रांगेत गेलं. लोक तेच, बेट तेच. ताट बदललं, आणि पायी चालणाऱ्यांच्या हाती गाडीही आली. मला हे फार लागलं.

आजी ‘हारा हाची बू’ म्हणाल्या. पोट दहापैकी आठ भाग भरलं की थांबायचं. आमच्याकडे पाहुण्याने “पुरे” म्हटलं तरी ताटात आणखी एक पुरणपोळी पडते, वर तुपाची धार. त्या आग्रहातली माया मला प्रिय आहे, म्हणूनच बाबांच्या वाढलेल्या साखरेची काळजी वाटते.

निघताना आजींच्या वाटीत थोडा भात उरला होता. त्यांनी तो नीट डब्यात भरून घेतला.