‘रणांगण’ वाचण्याआधी हॅर्टाचा पासपोर्ट वाचा

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ सालची. नाव युद्धाचं, पण बहुतेक घडते ती प्रवासी बोटीवर. बहुतेक वाचक ती मायदेशी परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची प्रेमकथा म्हणून वाचतात. मग अडचण होते. हॅर्टाची घाई, तिचं एकदम जीव टाकणं भाबडं वाटू लागतं. ते तसं वाटतं, कारण तिच्या हातातले कागद आपल्याला माहीत नसतात.

ते आधी बघा. ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मन ज्यूंचे पासपोर्ट रद्द झाले. लाल शाईतला मोठा ‘जे’ उमटवून घेतला, तरच ते पुन्हा चालत. १ जानेवारी १९३९ पासून सरकारी यादीतलं ज्यू नाव नसलेल्या प्रत्येक बाईला आपल्या नावापुढे ‘सारा’ जोडणं भाग होतं, पुरुषाला ‘इस्राएल’. देश सोडताना रोख नेता येत अवघे दहा मार्क. म्हणजे घरदार असलेला माणूसही बोटीवर चढायचा तो जवळजवळ कफल्लक. एवढी माणसं पूर्वेकडे का निघाली? तर शांघायला उतरायला व्हिसा लागत नसे, म्हणून. ते शहर कुणाला आवडलं म्हणून नव्हे.

आता चक्रधरकडे या. गुलाम देशातला असला तरी मुंबईला उतरताना त्याला कुणी अडवणार नाही. हॅर्टाला उतरायचं तर व्हिसा हवा आणि पोटापाण्याची सोय दाखवायला हवी. दोघांचं प्रेम एकाच डेकवर चालतं, पण त्यांची तिकिटं वेगळ्या जगांची आहेत. म्हणून त्यांच्या संवादांत ‘पुढे काय’ आलं की कोण विषय बदलतं, तेवढं बघत चला. माझ्या मते कादंबरीतलं रणांगण तिथे आहे. युद्धावरच्या चर्चा त्यामानाने फिक्या वाटतात.

‘तिला मुंबईत उतरवून घेतलं असतं तर?’ हा प्रश्न वाचकांना हमखास पडतो. पण मुंबईत उतरूनही जर्मन पासपोर्टचं ओझं सुटत नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाल्यावर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जर्मन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. चौकशी समितीने छाननी केल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांची सुटका झाली.